नाक दाबून ‘मामा’ म्हणून बघा

चिमटीत नाक घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. जे ऐकू येईल ते ‘बाबा’च्या खूपच जवळ जाणारं असेल. तसंच ‘नाना’ म्हणा, ते ‘दादा’कडे झुकेल. सर्दीने नाक चोंदलं की आपलं बोलणं असंच होतं. ओठ आणि जीभ नेहमीचंच काम करत असतात, फक्त नाकाची वाट बंद असते.

याचा अर्थ असा की ‘म’ आणि ‘ब’ यांच्यात मुळात एकच फरक आहे. दोन्हींसाठी ओठ मिटतात आणि दोन्हींच्या वेळी गळ्यात कंप असतो. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो खाली असला तर हवा नाकातून जाते आणि ‘म’ होतो. तो वर उचलून नाकाची वाट बंद केली तर ‘ब’ होतो. दुभंगलेल्या टाळूसह जन्मलेल्या मुलांची अडचण सर्दीच्या बरोबर उलट असते. त्यांची नाकाची वाट नीट बंद होत नाही, तोंडात हवेचा दाब साठत नाही आणि ‘बाबा’ म्हणायला गेलं तरी ‘मामा’सारखं काही निघतं. शस्त्रक्रियेनंतरही या मुलांना वाचोपचार लागतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

व्यंजनांची तुलना करायची तर ती अशी शरीरापासून सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. शाळेत आपण ‘क, ख, ग, घ’ पाठ करतो, कंठ्य-तालव्य-मूर्धन्य हे शब्द परीक्षेपुरते लक्षात ठेवतो आणि पुढे आयुष्यभर अक्षर म्हणजेच ध्वनी असं समजून चालतो. पण अक्षर ही खूण आहे. ध्वनी तोंडात घडतो आणि या दोघांचं नेहमी जमतंच असं नाही.

पाच प्रश्न

फुप्फुसातून येणाऱ्या हवेला वाटेत अडवलं की व्यंजन होतं. स्वरात हवा मोकळी जाते, व्यंजनात तिला अडथळा होतो. कोणत्याही व्यंजनाला पाच प्रश्न विचारले की त्याची ओळख पटते. अडथळा कुठे झाला? तो किती पक्का होता? गळ्यात कंप होता का? सोबत हवेचा झोत सुटला का? नाकाची वाट उघडी होती का?

आपल्या पूर्वसूरींनी हे दोन शब्दांत बांधलं होतं: स्थान आणि प्रयत्न. पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं ‘तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्’ हे सूत्र हेच सांगतं. तोंडातलं स्थान आणि आतला प्रयत्न सारखा असेल ते वर्ण एकमेकांचे सवर्ण.

आपली वर्णमाला याच विचारावर रचलेली आहे. ‘क’ वर्ग तोंडात मागे, मऊ टाळूपाशी. मग ‘च’ वर्ग टाळूला, ‘ट’ वर्ग जीभ मागे वळवून, ‘त’ वर्ग दातांपाशी आणि ‘प’ वर्ग ओठांवर. आतून बाहेर असा हा प्रवास आहे. प्रत्येक ओळीत पहिली दोन व्यंजनं कंपाविना, पुढची दोन कंपासह, पाचवं नाकातलं. ‘एबीसीडी’च्या क्रमामागे असं कोणतंही ध्वनिशास्त्रीय कारण नाही. आपल्या क्रमामागे आहे, आणि तो भारतीय उपखंडापुरता राहिलेला नाही. जपानी काना लिपीचा ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रमसुद्धा बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णक्रमावरून आला आहे.

ताट, थाट, दाट, धाट

हे चार शब्द मोठ्याने म्हणा. (धाट म्हणजे ज्वारीचा उभा दांडा. शहरातल्या वाचकांना कदाचित नवा वाटेल.) चारही शब्दांत जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे एकाच जागी टेकतं. स्थान एक आणि अडवणूकही सारखीच पक्की, तरी अर्थ चार.

गळ्यावर बोटं ठेवून ‘त’ आणि ‘द’ करून बघा, पण पुढचा स्वर यायच्या आधीच्या क्षणाकडे लक्ष द्या. ‘द’साठी जीभ दातांना टेकलेली असतानाच बोटांना थरथर लागते. ही स्वरतंतूंची थरथर म्हणजे घोष. ‘त’मध्ये ती जीभ सुटेपर्यंत नसते. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, म्हणूनच कुणी कानात कुजबुजत ‘दार’ म्हणालं की ‘तार’ असं ऐकलं जाण्याची शक्यता असते.

आता कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘पळ’ म्हणा, मग ‘कळ’ आणि ‘खळ’ म्हणा. ‘ख’ला पट्टी जोरात हलेल. हा हवेचा झोत म्हणजे महाप्राण. (‘फळ’ या प्रयोगात मुद्दाम घेतलेलं नाही. आज बरेच मराठी भाषक ‘फ’ ओठ पूर्ण न मिटता घासून म्हणतात, ‘फोन’मधल्यासारखा. अक्षर ‘प’ वर्गातच राहिलं, उच्चार मात्र बाहेर पडला.)

घोष आणि प्राण हे दोन वेगळे गुण वाटले तरी त्यांच्यामागे वेळेचं एक सुंदर गणित आहे. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतले लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतल्या शब्दारंभीच्या स्फोटक, म्हणजे हवा पूर्ण अडवून एकदम सोडलेल्या, व्यंजनांची मोजणी प्रसिद्ध केली. त्या अकरांत मराठी होती. अडथळा सुटला तो क्षण शून्य धरायचा आणि गळ्यातली थरथर त्याच्या आधी सुरू झाली की नंतर, आणि किती, ते मिलिसेकंदांत मोजायचं. ‘द’मध्ये थरथर शून्याच्या बरीच आधी सुरू होते. ‘त’मध्ये ती शून्याला लागूनच येते. ‘थ’मध्ये उशिरा येते आणि मधल्या वेळात नुसती हवा सुटते. तोच आपल्याला ऐकू येणारा झोत. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘प’चा हा उशीर त्यांना सरासरी ५८ मिलिसेकंद मिळाला, म्हणजे इंग्रजांचा ‘प’ आपल्या जुन्या, ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’च्या बाजूचा. इंग्रज माणसाला ‘ताप’ आणि ‘थाप’ यांतला फरक पटकन पकडता येत नाही याचं कारण इथे आहे. त्याच्या भाषेत या फरकाने शब्द बदलत नाही.

पण ‘ध’पाशी हे गणित अडतं. ‘ध’मध्येही थरथर ‘द’सारखी आधीच सुरू झालेली असते. वेळेच्या पट्टीवर दोघं एकाच खान्यात पडतात आणि त्यांना वेगळं करायला ही पट्टी पुरत नाही, हे त्याच अभ्यासात स्पष्ट झालं. मग ‘ध’ वेगळा कशाने? अडथळा सुटल्यानंतर स्वरतंतू थरथरत तर राहतात, पण पूर्ण जुळून नाही. त्यांच्यात फट राहते आणि तिच्यातून हवा झिरपते. कंप आणि श्वास दोन्ही एकाच वेळी. घ, झ, ढ, ध, भ या पाचांचं हेच आहे, आणि आपला ‘ह’सुद्धा याच जातीचा आहे.

इथे मला थांबून एका जुन्या ग्रंथाचा उल्लेख करावासाच वाटतो. तैत्तिरीय प्रातिशाख्यात, म्हणजे वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, अगदी छोट्या सूत्रांत म्हटलं आहे की कंठ आवळलेला असता नाद होतो, उघडा असता श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार. पुढे असंही सांगितलं आहे की ‘ह’ आणि प्रत्येक वर्गातलं चौथं व्यंजन यांचं द्रव्य म्हणजे हा मधला हकार. चौथं व्यंजन म्हणजे घ, झ, ढ, ध, भ. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना आरशांच्या मदतीने पाहून त्याचं वर्णन मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं ते १८५५ साली. प्रातिशाख्यकारांकडे आरसा नव्हता. होता तो स्वतःचा गळा, कान आणि वेद बिनचूक म्हणण्याची गरज. तेवढ्यावर त्यांनी जे ओळखलं ते आजच्या मोजमापांशी जुळतं.

दोन ‘च’, दोन ‘ज’

अडथळा किती पक्का, या प्रश्नाची तीन मुख्य उत्तरं आहेत. हवा पूर्ण अडवून एकदम सोडली की स्फोटक: क, ट, त, प. पूर्ण न अडवता चिंचोळी फट ठेवली, तर खिडकीच्या फटीतून वारा यावा तशी हवा घासत बाहेर येते. ते घर्षक: स, श. आणि आधी पूर्ण अडवून मग हळूच फटीतून सोडली की अर्धस्फोटक. आपले च आणि ज हे अर्धस्फोटक. बाकी ल, र, य, व यांत अडवणूक आणखी ढिली असते.

मराठीची खरी गंमत या अर्धस्फोटकांत आहे. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा, हळू. ‘माझा’मध्ये जिभेचं टोक दातांच्या मुळाशी टेकतं. ‘माझी’मध्ये तेच काम जिभेचा मधला भाग थोडा मागे, टाळूपाशी करतो. अक्षर एकच, ‘झ’, पण जागा दोन. ‘तुझा – तुझी – तुझ्या’ असंच. पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ त्या स्वराच्या तयारीने आधीच टाळूकडे उचललेली असते आणि व्यंजनालाही वर ओढून नेते. म्हणून ‘चिमणी’, ‘चेंडू’, ‘जीभ’ हे टाळूचे, आणि ‘चूल’, ‘चोर’, ‘जोर’ हे दातांकडचे. मराठी व्याकरणात या दुसऱ्या उच्चारांना दंततालव्य म्हणतात.

एवढंच असतं तर तो शेजारच्या स्वराचा परिणाम म्हणून सोडून देता आला असता. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ही ओढ मानत नाहीत. ‘चंद्र’ टाळूचा, ‘चांदणं’ दातांचं. आणि मग असे जोड तयार होतात, जिथे लेखन तंतोतंत एक आणि अर्थ वेगळा. ‘जग’ म्हणजे विश्व, टाळूचा ‘ज’. ‘तू सुखाने जग’ यातला दातांचा. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, टाळूचा. ‘जरा थांब’ मधला दातांचा. ‘चार’ ही संख्या टाळूची, ‘गुरांना चार’ मधला दातांचा. संख्या टाळूची का राहिली याचा सुगावा जुन्या लेखनात आहे, तिथे ती ‘च्यार’ अशी लिहिलेली सापडते.

म्हणजे मराठी लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते हा आपला लाडका समज निदान इथे खरा नाही. मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसाला ‘चाक’ आणि ‘चंद्र’ यांचे ‘च’ वेगळे आहेत हे पानावर कुठेच दिसत नाही. काही शिकवणीच्या पुस्तकांत अक्षराखाली टिंब देऊन ते दाखवतात, आणि शिकणाऱ्यासाठी ते चांगलंच आहे. तेलुगू आणि कोंकणी भाषकांना मात्र हे दोन्ही ‘च’ ओळखीचे असतात, कारण त्यांच्याकडेही ते आहेत. हिंदी भाषकाला हा दातांचा ‘च’ मुद्दाम शिकावा लागतो.

दिसतं जोडाक्षर, असतं एक व्यंजन

म्हैस, पुन्हा, कोल्हा, केव्हा, गाऱ्हाणं. इथे म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह ही जोडाक्षरं दिसतात. तोंडात मात्र ती बहुतेकदा एकेकटी व्यंजनं आहेत, ‘ब’चा जसा ‘भ’ तसा ‘म’चा ‘म्ह’.

याला पुरावा कवितेतून मिळतो. छंदशास्त्रात जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं. ‘सत्य’मधला ‘स’ गुरू, कारण त्याला ‘त्’चा आघात मिळतो. पण ‘पुन्हा’मधला ‘पु’ मराठी कवी लघूच धरतात. गझल लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, ‘पुन्हा’ लगा (आधी लघू, मग गुरू) म्हणूनच बसतो. ‘न्ह’ खरोखर दोन व्यंजनं असती तर ‘पु’वर आघात आला असता. कवींच्या कानांनी हे कधीच ठरवून टाकलेलं आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या, यांतला फरकही असाच कानाने कळतो: पहिल्यात ‘द’वर आघात, दुसऱ्यात नाही. इथे निदान लिपीने रफार आणि ‘ऱ्य’ अशा दोन खुणा ठेवून तो जपला आहे.

या ‘व्ह’मुळेच इंग्रजी शब्द लिहिताना मराठीने एक बारकावा पकडला आहे. आपण ‘व्हॅन’, ‘व्हिटॅमिन’ लिहितो, पण ‘वॉटर’, ‘वेब’ लिहितो. इंग्रजीत पहिल्या जोडीसाठी खालचा ओठ दातांवर घासतो, दुसऱ्या जोडीसाठी दोन्ही ओठ गोल होतात. मराठी ‘व’मध्ये ओठ दातांजवळ जातो पण घर्षण जवळपास नसतं, म्हणून घासणारा ध्वनी ऐकू आला की मराठी कान हाताशी असलेला ‘व्ह’ पुढे करतो.

‘टेबल’ आणि ‘डॉक्टर’मधला ‘ट’ही कानाचाच निवाडा आहे. इंग्रजीतला तो ध्वनी दातांच्या मागच्या उंचवट्यावर होतो, आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मधोमध. आपल्याकडे मधला खाना नाही, तेव्हा तो ‘ट’मध्ये टाकला.

अनुस्वाराबद्दल थोडक्यात. ‘अंक, पंच, कंठ, अंत, अंब’ यांत टिंब एकच असलं तरी नाकातला ध्वनी प्रत्येक वेळी पुढच्या व्यंजनाच्या जागेवर जाऊन बसतो. ‘ङ’ आणि ‘ञ’ तर मराठीत ‘वाङ्मय’सारखे मोजके शब्द सोडले तर स्वतंत्रपणे दिसतच नाहीत. आणि ‘संशय’, ‘सिंह’ म्हणताना आपण मध्ये सानुनासिक ‘व’ आणतो, संव्शय, सिंव्ह. हिंदी भाषक तसं करत नाही. ही मराठीची स्वतःची लकब आहे.

ळ, ण आणि ‘अशुद्ध’ बोलणं

वेल-वेळ, माल-माळ, गाल-गाळ, मूल-मूळ. ‘ल’साठी जिभेचं टोक पुढे टेकतं आणि हवा बाजूंनी जाते. ‘ळ’साठी टोक मागे वळतं, टाळूला निसटता स्पर्श करतं आणि पुढे फेकलं जातं. हवा याही वेळी बाजूंनीच जाते. ‘ळ’ने मराठीत शब्द सुरू होत नाही. ऋग्वेदाचा आरंभ ‘अग्निमीळे’ असा आहे. पुढच्या संस्कृतात हा ध्वनी जवळजवळ नाहीसा झाला. मराठी, कोंकणी, गुजराती, ओडिया आणि दक्षिणेकडच्या भाषांत तो नांदतो आहे.

वऱ्हाडात आणि खानदेशात ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. आगरी-कोळी बोलीत ‘काला’, ‘डोला’. याला जिभेचा आळस म्हणण्याची रीत आहे, पण पाच प्रश्न विचारा. ळ, ल आणि य तिन्ही घोष, तिन्ही ढिल्या अडवणुकीचे. ‘ळ’मधलं जीभ मागे वळवणं काढलं की ‘ल’ मिळतो, टोकाचा स्पर्शच काढला की ‘य’. प्रत्येक बोलीने एकेक गुण सोडला आहे, आणि तोही नियमाने.

आगरीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘घोडा’चा ‘घोरा’. प्रमाण मराठी बोलणाऱ्याने स्वतःच्या तोंडातला ‘डबा’ आणि ‘गाडी’ हे दोन ‘ड’ तपासावेत. ‘डबा’त जीभ पक्की टेकते. ‘गाडी’त दोन स्वरांच्या मध्ये ती नुसती फटकारा मारून जाते. हिंदीत या दुसऱ्या ‘ड’ला खाली टिंब असतं, मराठीत नसतं म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. तिथून ‘र’ एका पावलावर आहे.

‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणं तर शाळेत, कार्यालयात सर्रास चालतं, आणि त्याचा मला खरोखर राग येतो. ‘ण’ न उच्चारणाऱ्याच्या बोलीत दोन नाकातल्या ध्वनींचा एक झाला आहे, एवढंच घडलं आहे. नेमकं हेच प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनी ‘ष’च्या बाबतीत केलं आहे. ‘विषय’, ‘भाषा’, ‘षटकार’ हे शब्द आपण ‘श’ने म्हणतो. ‘कष्ट’ किंवा ‘कृष्ण’मध्ये जीभ मागे वळते ती पुढच्या ट-ण मुळे. ‘भाषा’ला ‘भाशा’ म्हणणाऱ्याला कुणी नोकरीच्या मुलाखतीत नापास करत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना या तुलनेचा रोजच्या कामात उपयोग आहे. दोन-तीन वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं तेव्हा त्याने स्थान बदललेलं असतं. अडवणूक, घोष, प्राण सगळं जागेवर असतं, फक्त मागचा ध्वनी पुढे आला. हे अनेक मुलांत होतं आणि बहुधा चार वर्षांपर्यंत आपोआप सुटतं. त्यापुढेही टिकलं, किंवा मूल बोलताना सगळंच नाकातून येत असेल, किंवा घरच्यांनाही त्याचं बोलणं समजत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून वाचोपचारतज्ज्ञांना दाखवावं. पण सहा वर्षांचं मूल ‘पानी’ आणि ‘डोया’ म्हणत असेल, तर आधी त्याची आई, आजी आणि गल्लीतली मुलं काय म्हणतात ते ऐकावं. तीही तसंच बोलत असतील तर त्या मुलाने आपली भाषा बरोबर उचलली आहे. प्रमाण मराठीतला ‘ण’ त्याला दुसरा ध्वनी म्हणून शिकवावा, जीभ कुठे वळवायची ते दाखवून.